विषय क्रमांक ७ : व्हेगन काउंटर बंद करू नका, जरा नीट चालवून बघा

मा. अध्यक्ष, संचालक मंडळ आणि आपल्या ग्राहक भांडाराचे सगळे सभासद यांना,

सप्रेम नमस्कार.

वार्षिक सभेची नोटीस भांडाराच्या दाराशी लावलीय ती वाचली. ताळेबंद, लेखापरीक्षक, लाभांश हे सगळं नेहमीचंच, आणि मग विषय क्रमांक ७, "व्हेगन पदार्थांचे काउंटर प्रतिसादाअभावी बंद करून सदर जागा आइस्क्रीम फ्रीझरसाठी भाडेतत्त्वावर देणे". ते 'प्रतिसादाअभावी' वाचलं आणि मला काही राहवेना, म्हणून हे पत्र. सभेत बोलायला दोन मिनिटं मिळतात आणि त्यातलं एक मिनिट माइक चालू आहे का हे बघण्यातच जातं.

आधीच सांगून टाकते, मी व्हेगन नाही, म्हणजे दूधतुपासकट प्राण्यापासून आलेलं सगळं सोडलेल्यांतली नाही. आलं घातलेला दुधाचा चहा झाल्याशिवाय सकाळी माझ्या तोंडून शब्द फुटत नाही आणि वरणभातावर तूप नसेल तर मी स्वतः उठून बरणी आणते. तेव्हा हे पत्र कुणाचं दूध तोडायला लिहिलेलं नाही. मी भांडाराची सभासद आहे, संध्याकाळच्या लोकलने परत येणारी गिऱ्हाईक आहे, आणि मला वाटतं की हे काउंटर म्हणजे भांडाराला बऱ्याच वर्षांनी सुचलेली एक चांगली गोष्ट होती जी आपणच हाताने घालवली.

कशी घालवली ते सांगते. काउंटरची वेळ सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा. अहो आपण डोंबिवलीत राहतो! सहा वाजता इथे कोण घरी असतं? निम्मं गाव तेव्हा सीएसएमटीला नाहीतर दादरला प्लॅटफॉर्मवर उभं असतं. साडेसात ते नऊ या वेळात स्टेशनपासून घरापर्यंतच्या रस्त्यावर बायका आणि हल्ली पुरुषही निवडलेली भाजी, पोळ्या, अर्धा पाव उसळ असं घेत घेत येतात, त्यावर या गावात कितीतरी घरांचं रात्रीचं जेवण उभं आहे. पोळीभाजी केंद्र म्हणजे काय हे डोंबिवलीकरांना मी काय सांगणार. तर त्या ऐन गर्दीत आपल्या काउंटरवर निळं प्लॅस्टिक झाकलेलं असायचं आणि शेजारी तांदळाच्या गोण्यांवर भांडाराचं मांजर झोपलेलं. दुपारी बारा वाजता जे लोक येतात ते निवृत्त मंडळी, ते घरी जेवतात, विकत कशाला घेतील. मग प्रतिसाद कुठून येणार?

बरं ठेवलं काय होतं त्या काउंटरवर? फ्रोझन नगेट्स, सोयाचे सॉसेज, बिनअंड्याचं मेयोनीज, किनोआ सॅलडचे प्लॅस्टिकचे डबे, आणि एक ओट्सच्या दुधाचा खोका ज्याची किंमत बघून आमच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या की एवढ्यात माझं आठवड्याचं दूध येतं. मी नगेट्स घेतलेले एकदा, वाईट नव्हते, पण ते घरी नेऊन तळायचे, मग तो तयार खाण्याचा काउंटर कसा झाला? ज्याला घरी जाऊन कढई चढवायचीच आहे तो सरळ बटाट्याच्या काचऱ्या करेल की. ज्या कुणी हा माल निवडला त्याने मॉलमधल्या सुपरमार्केटची यादी उचलून आणली असं माझं स्पष्ट मत आहे. आणि गंमत म्हणजे त्याच भांडारात, चार पावलांवर, बचत गटाच्या बायकांची थालीपीठाची भाजणी, मेतकूट, डांगराचं पीठ, गोडा मसाला, कुरडया आणि कोकमं हे सगळं ठेवलेलं.

आता इथे आपले एक संचालक मला म्हणाले (नाव घेत नाही, भले गृहस्थ आहेत), "अहो ताई, आपलं मराठी जेवण आधीपासून व्हेगनच आहे, त्याला वेगळं काउंटर कशाला हवं?" हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता त्याला उत्तर द्यायलाच पाहिजे. नाहीये ते आधीपासून व्हेगन. निम्मं आहे, आणि उरलेल्या निम्म्यात दूध कुठून कसं शिरतं हे बाहेरून कळत नाही. भरली वांगी घ्या, दाण्याचं कूट, सुकं खोबरं, तीळ, गोडा मसाला, चिंच, गूळ, त्यात प्राण्याचं काही नाही. अळूचं फदफदं, नाही. डाळिंब्यांची उसळ, नाही. झुणका, नाही. पण त्याच ताटातली काकडीची कोशिंबीर दह्यातली. मसालेभातावर वाढताना तूप. पोळी मऊ राहावी म्हणून कणकेत दूध घालणारी केंद्रं आहेत आणि वरून तुपाचा हात फिरवणारी तर आहेतच. चकली खुसखुशीत व्हावी म्हणून लोण्याचं मोहन, शंकरपाळ्यात दूध आणि तूप दोन्ही, उकडीच्या मोदकाच्या उकडीत चमचाभर लोणी किंवा तूप, ते तर करणारीलाही सांगायचं सुचत नाही कारण ते तिच्या हाताला इतकं सवयीचं असतं. वडापावचा पाव तव्यावर बटरमध्ये फिरवून दिला की संपलं. बिस्किटांच्या पुड्यावर मागे बारीक अक्षरात मिल्क सॉलिड्स लिहिलेलं असतं, ते तरी लिहिलेलं असतं, उघड्या पदार्थावर कोण लिहितंय.

आणि पाकिटावरचा तो हिरवा ठिपका याबाबतीत काहीच कामाचा नाही. त्या ठिपक्याचा अर्थ शाकाहारी, म्हणजे त्यात दूध, दही, तूप, खवा, मध सगळं चालतं. म्हणून तर एफएसएसएआयने (खाण्याच्या पदार्थांचे नियम ठरवणारी केंद्र सरकारची संस्था) २०२२ साली व्हेगन पदार्थांसाठी वेगळे नियम काढले आणि वेगळं चिन्ह दिलं, हिरव्या चौकटीत इंग्रजी व्ही आणि त्याला छोटं पान. त्या नियमांत नुसतं घटक कुठले एवढंच नाही तर अ‍ॅडिटिव्ह, फ्लेवर, एन्झाइम, प्रक्रियेत वापरलेली वस्तू, यातलं काहीही प्राण्यापासून आलेलं चालत नाही असं आहे. आणि ज्या भांड्यांवर, यंत्रावर आधी दुसरा माल केला असेल ते सगळं व्हेगन माल करायच्या आधी नीट धुऊन घ्यायचं असंही आहे.

यावरून एक गोष्ट, जी मला खरंच टोचलीय. आपल्या काउंटरच्या बोर्डावर ते चिन्ह मोठं रंगीत छापून लावलेलं आहे. ते चिन्ह मंजुरी घेतल्यावर पाकिटावर लावायचं असतं, इंटरनेटवरून उतरवून फ्लेक्सवर छापायचं नसतं. आणि त्या बोर्डाखाली मी स्वतः उभी राहून पाहिलंय, शनिवारी थालीपीठं ठेवली होती (तीही कुणीतरी हट्ट केला म्हणून), तवा एकच, उलथणं एकच, आधी एका मुलाला बटर लावून पाव भाजून दिला, तव्यावर ते पिवळं अजून चुरचुरतंय, आणि त्यावरच पुढचं थालीपीठ थापलेलं फडकं उलटं केलं. भोकांमध्ये तेल सोडलं आणि झाकण ठेवलं. मागणाऱ्या मुलीने विचारलं, "हे व्हेगन आहे ना?" तर बाईंनी बोर्डाकडे बोट दाखवलं. त्या बाईंचा यात काडीचाही दोष नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की प्रश्न नेमका काय आहे. कणीक, भाजणी, कांदा, कोथिंबीर, म्हणजे व्हेगन, असं त्यांना वाटलं आणि कुणालाही वाटेल.

तुम्ही म्हणाल एवढ्याशा बटरने काय होतं. होतं काहींना. आमच्या बिल्डिंगमध्ये एका लहान मुलाला दुधाची अ‍ॅलर्जी आहे. इथे पुष्कळ लोक गल्लत करतात म्हणून जरा थांबून लिहिते. माझ्या सासूबाईंना दूध पचत नाही, कपभर प्यायलं तर पोट फुगतं, पण ताक चालतं, चमचाभर तुपाने काही होत नाही, कारण त्यांचा वैताग दुधातल्या साखरेशी आहे, लॅक्टोजशी, आणि ती ताकात कमी असते आणि तुपात जवळजवळ नसतेच. त्या मुलाचं तसं नाही, त्याचं शरीर दुधातल्या प्रोटीनवर उलटतं, आणि तिथे थोडंसं म्हणजे किती याचा अंदाज घेत बसायची सोय नसते. त्याची आई कुठल्याही दुकानात पाच प्रश्न विचारते आणि पाचव्या प्रश्नाला समोरचा माणूस वैतागतो, हे मी तिच्याबरोबर असताना पाहिलंय. "काही नाही हो ताई, घरचंच आहे." घरचंच आहे हे उत्तर नाहीये ना! त्या बाईला आपल्या भांडारात येऊन न विचारता कोथिंबीर वडीचा डबा उचलता आला असता, हे मला त्या काउंटरचं सगळ्यात मोठं काम वाटतं.

बाकी गिऱ्हाईक आहे, नाही असं नाही. आमच्या समोरच्या इमारतीत एक नवराबायको आहेत, दोघंही प्राण्यांसाठी म्हणून दूध सोडलेले, गच्चीवर भटक्या मांजरांना खायला घालणारे, तुम्ही बघितलेत त्यांना. जिमवाली पोरं आहेत. सासूबाईंसारखी ज्येष्ठ मंडळी आहेत जी स्वतःला व्हेगन बिगन काही म्हणणार नाहीत, पण ज्यांना संध्याकाळी हलकं, दूध नसलेलं काहीतरी हवं असतं. आणि माझ्यासारखे असंख्य, ज्यांना फक्त चांगली उसळ हवीय, ती व्हेगन आहे का हे आम्ही बघणारसुद्धा नाही. म्हणजे काउंटर चालवायला हजार व्हेगन गोळा करायची काहीएक गरज नाही, आम्ही चालवतो, त्यांची सोय आपोआप होते. हे गणित कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

मग काय ठेवायचं? माझं म्हणणं, भाजणी पुरवणाऱ्या त्याच बचत गटाच्या ताईंना बोलवा, त्यातल्या दोघीतिघी पोळीभाजीच्या ऑर्डरी घेतातच. पण उगीच वीस पदार्थांचं मेनूकार्ड नको. रोज एक उसळ, एक सुकी भाजी, भाकरी, एक वडी, बास. मुगाची, मटकीची, वालाची, चवळीची उसळ फिरवून फिरवून. पावसाळ्यात अळू, श्रावणात डाळिंब्या तशाही लागतात, त्या सोललेल्या मिळत नाहीत म्हणून लोक करत नाहीत. उन्हाळ्याच्या तोंडाला कुयरीची भाजी, म्हणजे कोवळा फणस. तोच फणस आपण फ्रोझन मसालेदार करून परदेशी नावाच्या पाकिटात विकत होतो, ते बघून मला हसावं की रडावं कळेना. ओल्या काजूंची उसळ महाग पडेल पण महिन्यातून एकदा शनिवारी ठेवून बघा, रांग लागते की नाही.

काही गोष्टी मात्र बायकांना विचारूनच ठरवा, ऑफिसात बसून नको. पिठलं ठेवू नका, ते गार झालं की घट्ट गोळा होतं आणि परत गरम केलं की गुठळ्या, त्यापेक्षा झुणका ठेवा, तो डब्यातही झुणकाच राहतो. भाकऱ्या दुपारी भाजून ठेवल्या तर रात्री आठला त्यांचा पुठ्ठा झालेला असतो, तेव्हा त्या सातनंतरच आल्या पाहिजेत, थोड्या थोड्या, फडक्यात गुंडाळून. सोलकढी ठेवायची तर फ्रीजमध्येच आणि त्याच दिवशी संपवायची, नारळाचं दूध फार नाजूक, थोडा वेळ बाहेर राहिलं तरी वास बदलतो. (गंमत बघा, सोयाच्या किंवा बदामाच्या पेयाला पाकिटावर दूध म्हणायचं नाही असं एफएसएसएआय म्हणतं, पण नारळाच्या दुधाला परवानगी आहे, कारण ते नाव पिढ्यान्‌पिढ्यांचं. कोकणी माणसाने तरी एवढ्यावर खूश व्हायला हरकत नाही.) गरम पदार्थ गरम ठेवायचे तर साठ अंशांच्या वर राहिले पाहिजेत, नुसतं झाकण ठेवून भागत नाही, खाली गरम पाण्याची ट्रे लागेल, तो खर्च आहे आणि तो करावाच लागेल.

गोडाचं विचारलंत तर मणगणं. गोव्यात आणि सिंधुदुर्गात घरोघरी करतात, हरभऱ्याची डाळ, साबुदाणा, गूळ, नारळाचं दूध, वेलची. तूप न घालताही झकास होतं, काजू तसेच टाकायचे. आपल्याकडे मालवणकडची कितीतरी कुटुंबं सभासद आहेत, त्यांना विचारा. तुम्ही त्या जागी जे आइस्क्रीम विकणार आहात त्यापेक्षा हे कितीतरी पटीने वेगळं आणि कुठेही न मिळणारं आहे.

नियम मात्र पाळायचे, आणि तेवढ्यासाठीच तर सगळा खटाटोप. तवा वेगळा, झारा वेगळा, कढई वेगळी, त्यांच्या दांड्यांना हिरवी चिकटपट्टी लावा म्हणजे धुताना मिसळणार नाहीत. ज्या ताईंच्या घरी पदार्थ होणार तिथे काय करायचं हाही प्रश्न आहे, कारण घरात दूधदुभतं असणारच, तर तिथेही भांडी वेगळी आणि स्वच्छ धुऊन, आणि त्यांची एफएसएसएआयची नोंदणी भांडाराने पुढाकार घेऊन करून द्यावी. बोर्डावरचं ते छापलेलं चिन्ह आजच काढा. त्याऐवजी रोज खडूने पाटीवर लिहा, पदार्थात काय काय घातलंय ते सगळं, तेल कुठलं, शेंगदाणे आहेत का, तीळ आहेत का. हे शेंगदाण्यांचं मुद्दाम लिहिते, कारण आपल्या भाज्यांमध्ये दूध नसलं तरी दाण्याचं कूट हमखास असतं आणि त्याचीही अ‍ॅलर्जी असते लोकांना. हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, गहू न चालणाऱ्यांसाठी तेही. व्हेगन लिहिलं म्हणजे सगळ्या अ‍ॅलर्जींना चालतं असा कुणाचा समज होऊ देऊ नका. आणि कुणी विचारलं आणि नक्की माहीत नसेल तर "माहीत नाही" असं सांगायला काउंटरवरच्या बाईंना मोकळीक द्या, त्याने विक्री कमी होईल असं मला वाटत नाही, उलट तेच गिऱ्हाईक परत येईल.

पॅकिंगचं एक. २०१८ पासून राज्यात प्लॅस्टिकबंदी आहे आणि आपण अजून पातळ पिशवीत उसळ बांधून देतो, तीही गरम. वर्तमानपत्राच्या कागदात वड्या, शाई लागलेल्या. लोकांना घरचा डबा आणायला सांगा, डबा आणेल त्याला दोन रुपये कमी घ्या, दोन रुपयांसाठी डोंबिवलीकर डबा आणतोच, तो तसाही रिकामा डबा बॅगेत घेऊनच ऑफिसातून येत असतो!

आता आक्षेप. एक सभासद म्हणाले की आपण सहकारी संस्था, दूध संघही सहकारी, शेतकऱ्याच्या पोटावर पाय कशाला आणायचा. माझे मामेभाऊ सांगली जिल्ह्यात म्हशी पाळतात, पहाटे चारला उठतात, दुधाच्या दराचं रडगाणं मला कुणी ऐकवू नये, मी फोनवर दर महिन्याला ऐकते. भांडाराच्या दुधाच्या फ्रीजला कुणी हात लावत नाहीये, पिशव्या आहेत तिथेच राहतील. आणि ज्वारी, मूग, वाल, शेंगदाणे, कोकम हे सुद्धा शेतकरीच पिकवतो, आकाशातून पडत नाही. दुसरे म्हणाले त्यापेक्षा जैन काउंटर काढा. काढा की, पण तो वेगळा विषय आहे, तिथे कांदा, लसूण, बटाटा चालणार नाही आणि तूप चालेल, दोन्ही एकत्र करायला गेलात तर दोन्हीकडची माणसं नाराज होतील.

राहिला आइस्क्रीमचा फ्रीझर. भाडं ठरलेलं येतं, कटकट नाही, संचालक मंडळाला ते का आवडलं ते मला समजतं. पण विजेचं बिल कोण भरणार, करार किती वर्षांचा, मध्येच जागा परत हवी असेल तर काय, हे नोटिशीत काहीच नाही. सभेत तो मसुदा वाचून दाखवावा अशी माझी लेखी मागणी समजा. आणि काउंटरचा जमाखर्च वेगळा काढून दाखवा, नगेट्स किती खपले आणि किती एक्सपायरी होऊन फेकले ते वेगळं, थालीपीठाचे दोन शनिवार वेगळे. मला जे ऐकू आलंय ते खरं असेल तर थालीपीठं अर्ध्या तासात संपली होती आणि दोन्ही वेळा लोक परत गेले.

मी सभेत ठराव मांडणार आहे की विषय क्रमांक ७ पुढच्या सभेपर्यंत तहकूब ठेवावा, आणि तोवर काउंटरची वेळ संध्याकाळी सहा ते साडेनऊ करून वर लिहिल्याप्रमाणे चालवून बघावं. अनुमोदक मिळाला आहे, समोरच्या इमारतीतल्या मांजरवाल्या सूनबाई. पुढच्या वर्षी आकडे वाईट आले तर फ्रीझर आणा, मी स्वतः पहिला कुल्फीचा कप विकत घेईन. ज्या सभासदांना पटतंय त्यांनी कृपा करून सभेला या, व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा देऊन कोरम भरत नाही.

कळावे,

आपली,
एक सभासद
(शेअर नियमित, थकबाकी नाही, तपासून घ्यावे)